खेळायचं निमित्त

२००६ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात आणला, तेव्हा त्याच्या जाहिरातीसाठी दोन चेहरे निवडले: अक्षय कुमार आणि युवराज सिंग. निवड अचूक होती. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कुणालाही थांबवून विचारलं असतं, तरी दोघांची नावं मिळाली असती. पण एक्सबॉक्स म्हणजे काय, असं विचारलं असतं तर बहुतेकांनी खांदे उडवले असते. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडे या सगळ्या यंत्रांसाठी 'टीव्ही गेम' हा एकच शब्द होता आणि माझ्या ओळखीतल्या एकाही घरात एक्सबॉक्स आला नाही.

ओळखीचा चेहरा दाखवून अनोळखी वस्तू विकणं हे जाहिरातीचं रोजचं काम. फ्रीज, मोटरसायकल, बनियन, सगळं असंच विकलं गेलं आणि खान्देशाने ते घेतलंही. मग कन्सोलच का राहिला? 'लोकांकडे पैसे नव्हते' हे उत्तर अर्धंच खरं आहे. त्याकडे पुढे येतो. उरलेलं उत्तर जाहिरातींमध्ये सापडतं. कन्सोलच्या जाहिराती वस्तू विकतात, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट ठरवतात: निव्वळ मजेसाठी खेळण्याची मुभा कुणाला आहे आणि खेळण्याआधी काहीतरी कारण कुणाला दाखवावं लागेल. मार्केटिंगवाले 'टार्गेट ऑडियन्स' म्हणतात तेव्हा तो गट आधीपासून कुठेतरी बसलेला आहे आणि कंपनीने त्याला फक्त शोधून काढलं, असं वाटतं. प्रत्यक्षात तो गट बऱ्याच अंशी जाहिरातच घडवते. कुणाला हाक मारायची आणि कुणाला नाही, यातून तो तयार होतो.

एक यंत्र, तीन पाट्या

निन्टेन्डोने १९८३मध्ये जपानमध्ये एक यंत्र आणलं. त्याचं नाव 'फॅमिली कॉम्प्युटर', लाडाने फॅमिकॉम. नावात खेळाचा उल्लेखही नाही. कुटुंब आहे आणि कॉम्प्युटर आहे. म्हणजे विकत घेणाऱ्या आईबापांना नावातच दिलासा. पुढच्या वर्षी त्याला जोडायचा कीबोर्डही आला, त्यावर प्रोग्रामिंगची तोंडओळख करून घेता यायची.

तेच यंत्र १९८५मध्ये अमेरिकेत गेलं तेव्हा परिस्थिती वेगळी होती. १९८३मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार 'व्हिडिओ गेम' हे शब्द ऐकायलाही तयार नव्हते. निन्टेन्डोने यंत्राचं रूप बदलून त्याला व्हीसीआरसारखं केलं, नाव बदललं आणि सोबत 'रॉब' नावाचा एक प्लॅस्टिकचा रोबॉट दिला. रोबॉटचा खेळात फारसा उपयोग नव्हता. पण रोबॉट असल्यामुळे हे खेळणं आहे असं दुकानदारांना सांगता आलं. यातून एक परिणाम असा झाला, जो आजही पुसला गेलेला नाही. खेळण्यांच्या दुकानात मुलांची फळी वेगळी आणि मुलींची वेगळी असते. खेळणं म्हणून दुकानात शिरलेलं हे यंत्र मुलांच्या फळीवर गेलं. त्याआधीच्या अटारीच्या जाहिरातींत आई, वडील, आजी असं सगळं घर टीव्हीसमोर दिसायचं. १९८९मध्ये निन्टेन्डोने हातात धरायचं यंत्र काढलं, त्याचं नाव होतं गेम बॉय. खेळणारा कोण, हे आता नावातच छापलेलं होतं.

तिसरी पाटी आपल्याकडची. फॅमिकॉमच्या नकला भारतात लिटल मास्टर, समुराई, टर्मिनेटर अशा नावांनी पसरल्या. माझ्या पिढीपर्यंत येईतो ही नावंही गळून पडली होती. खेळण्यांच्या दुकानात आणि जत्रेतल्या स्टॉलवर मिळणाऱ्या यंत्राला बाहेरून प्लेस्टेशनचा आकार, आत वीस वर्षं जुना फॅमिकॉम. कॅसेटवर भलत्याच सिनेमातल्या हिरोचं चित्र आणि '९९९९९९ इन वन' असा आकडा. आत मोजून पंधरा-वीस गेम, तेच पुन्हा पुन्हा. या यंत्रांना ना ब्रँड होता, ना टीव्हीवरची जाहिरात. खोका हीच जाहिरात.

त्या खोक्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: खेळणारा वेगळा आणि पैसे मोजणारा वेगळा. म्हणून त्यातल्या काही यंत्रांना कीबोर्ड असायचा आणि त्यांना 'कॉम्प्युटर' म्हटलं जायचं. त्यावर टायपिंग शिकता येतं, गणितं सोडवता येतात, असं दुकानदार सांगायचा. वडील मान हलवायचे. पोरगं घरी येऊन सरळ मारिओ लावायचं. हे नाटक आहे हे दुकानदाराला, वडिलांना आणि पोराला, तिघांनाही कळत असावं. तरीही ते करावं लागायचं, कारण 'नुसतं खेळायला' एवढं कारण पैसे खर्च करायला पुरेसं नव्हतं.

पण यात एक गमतीची बाजू होती. हे यंत्र कुणासाठी आहे, हे सांगणारी कुठलीही मोठी जाहिरात आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे मे महिन्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना, दुपारी लाइट असली की जो घरात असेल तो खेळायचा. मामेबहिणी, काकू, शेजारची कॉलेजला जाणारी ताई. रणगाड्यांच्या गेममध्ये दोघांनी मिळून आपला गड राखायचा असतो. त्यात दुसरा रिमोट काकूच्या हातात असणं आम्हाला विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटायला कुणीतरी आधी शिकवावं लागतं.

ते शिक्षण पुढे मिळालं. काही वर्षांनी खेळ घरातून सायबर कॅफेत गेला. काउंटर स्ट्राइक, व्हाइस सिटी. भिंतीवर बंदूकधाऱ्यांची पोस्टरं, बाहेर पोरांच्या गाड्या. तिथे मुली नव्हत्या. 'मुलींना गेममध्ये इंटरेस्ट नसतो' हे वाक्य मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. बोलणाऱ्याच्या घरीही कधीकाळी टीव्ही गेम असणार आणि बहिणीने तो खेळलेला असणार.

निमित्त कुठे सुटलं

अमेरिका-युरोपात हे निमित्त लवकर गळून पडलं, आणि ते जाहिरातींनीच गाळलं. १९९०च्या सुमाराला सेगा कंपनीने निन्टेन्डोवर थेट हल्ला चढवला. आमचं यंत्र जे करतं ते त्यांना जमत नाही, अशा अर्थाच्या त्या जाहिराती होत्या. त्यांचा खरा मजकूर ओळींच्या मधे होता: निन्टेन्डो लहान पोरांसाठी आहे, तू आता मोठा झालास. १९९५मध्ये सोनी आणखी पुढे गेली. ब्रिटनमध्ये प्लेस्टेशन नाइटक्लबमध्ये नेऊन ठेवलं. विशीतला तरुण, हातात स्वतःचे पैसे, रात्र स्वतःची. त्याला टायपिंग शिकवण्याचं सोंग करायची गरज उरली नव्हती.

टीकाकार या जाहिरातींना दोष देतात तो बरोबर आहे. वेग, रक्त, शोभेपुरत्या बायका यांनी खेळणाऱ्याची व्याख्या आकसली. पण एक गोष्ट त्यांच्या खात्यावर मांडायला हवी: ज्याला त्यांनी हाक मारली, त्याच्याकडे कारण मागितलं नाही. तुला आवडतं, तू खेळ, एवढंच.

२००६मध्ये, म्हणजे एक्सबॉक्स भारतात आला त्याच वर्षी, निन्टेन्डोने अमेरिकेत 'वी' आणला. त्याच्या जाहिरातीत सूटबूटातले दोन जपानी गृहस्थ घराघराची बेल वाजवतात, नम्रपणे वाकतात आणि रिमोट पुढे करतात. समोर कधी एखादं मोठं कुटुंब, कधी वयस्क माणसं. वी दहा कोटींहून जास्त विकला गेला. आज्या घरातल्या दिवाणखान्यात बोलिंग खेळू लागल्या. या आज्या आदल्या वर्षीही होत्याच, त्यांचे हातही होते. फक्त त्यांच्या दारावरची बेल कुणी वाजवली नव्हती. 'आमचा ग्राहक हा असा आहे' असं छातीठोक सांगणाऱ्या उद्योगाला याहून चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

मुखपृष्ठ बदललं, आतलं तेच

भारतात बेल कुठे वाजली? १९९५मध्ये सेगाचा मेगा ड्राइव्ह इथे आणला तो शॉ वॉलेसने, म्हणजे मुख्यतः मद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने. आयात कर ८० टक्के होता, त्याला वळसा घालण्यासाठी हा करार. तरीही किंमत पडली १८,००० रुपये. त्या काळी एवढे पैसे जमले की घरात स्कूटरचा विषय निघायचा. म्हणजे ग्राहक कोण, हे किमतीनेच सांगून टाकलं होतं.

२००६मध्ये चेहरे आले, पण चेहरे कसे आले ते पाहण्यासारखं आहे. त्याच सुमाराचा एक क्रिकेटचा गेम ब्रिटनमध्ये ब्रायन लाराच्या नावाने विकला गेला, ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या आणि भारतात युवराजच्या नावाने. गेम एकच. स्थानिक बाजारासाठी काही करणं म्हणजे मुखपृष्ठ बदलणं, अशी ही समजूत होती.

सोनीने २००९मध्ये याहून प्रामाणिक प्रयत्न केला. प्लेस्टेशन २साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' आला, 'देसी अड्डा' आला. 'देसी अड्डा'त कबड्डी, पतंग, विटीदांडू असे खेळ होते. हेतू चांगला होता, पण त्यामागचा माणूस चुकीचा कल्पिला होता. पारोळ्याच्या पोराला विटीदांडू टीव्हीवर कशाला हवा? तो त्याच्याकडे फुकट होता, आणि खऱ्या मातीत होता. त्याला हवी होती ती बर्फातून पळणारी गाडी, लाख प्रेक्षकांचं फुटबॉल स्टेडियम, जे पारोळ्यात कधीच मिळणार नव्हतं. गावातल्या मुलाला गावच दाखवावं लागतं, ही समजूत गावाबाहेर बसलेल्या माणसाची असते. शहरातल्या मुलाला कन्सोल जग देणार आणि गावातल्या मुलाला त्याचंच अंगण परत विकणार, हा भेद जाहिरातीत कुणी लिहिला नव्हता. तो वस्तूतच होता.

आता पैशांचा मुद्दा. कंपनी जिथे खरेदीची ताकद आहे तिथेच जाहिरात करणार, त्यात गैर काय? पण जळगाव सोन्याच्या बाजारासाठी राज्यभर ओळखलं जातं. लाखाची मोटरसायकल, वीस-पंचवीस हजारांचा फोन इथे रोज विकला जातो. २०२१मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आला. तो धुळ्यातल्या बहुतेक घरांना परवडणार नाही, हे खरं. पुण्यातल्या बहुतेक घरांनाही परवडणार नाही. अडचणी आणखीही होत्या. दुरुस्तीचं केंद्र जवळ नाही, ४,९९९ रुपयांचा एक गेम, आणि मधली अनेक वर्षं खान्देशाने सोसलेलं तासन्‌तासांचं लोडशेडिंग. कुठलीही जाहिरात यावर उपाय करू शकत नव्हती.

पण कापसाच्या बियाण्याच्या कंपन्या बघा. चोपडा, शिरपूर, अमळनेर, कुठल्याही रस्त्याला लागा. भिंतींवर टपोरी बोंडं रंगवलेली असतात, मराठीत, शेतकऱ्याला समोर ठेवून. ज्या कंपनीला इथला ग्राहक हवा असतो, तिला त्याची भाषा सापडते. कन्सोलचा मेनू आजही मराठीत नाही.

इथे माझ्या कामातली एक साधी गोष्ट सांगतो. डेटाबेसमध्ये 'शून्य' आणि 'रिकामं' यांत फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. नवशिक्याकडून या दोन्हींची गल्लत झाली की सगळा हिशेब चुकतो. ऑनलाइन जाहिरात लावताना वय, लिंग, शहर, भाषा, आवड अशा खुणा करता येतात. मुंबई, पुणे, बंगळूरु, पुरुष, १८ ते ३४. यात धुळे नाही, म्हणून धुळ्यात जाहिरात दिसत नाही, म्हणून धुळ्यातून क्लिक येत नाहीत. महिनाअखेरीच्या अहवालात धुळ्यासमोर शून्य दिसतं आणि पुढच्या वेळी कुणीतरी म्हणतं, 'तिथे मागणी नाही.' रिकामी जागा शून्य म्हणून वाचली जाते. मुलींच्या बाबतीत या उद्योगाने चाळीस वर्षं हेच केलं. कॉम्प्युटरने फक्त त्याचा वेग वाढवला.

अभ्यासापासून कमाईपर्यंत

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं. २०१८मध्ये पबजी मोबाइल आला आणि कन्सोलचा प्रश्नच वळसा घालून पुढे गेला. फोन घरात होता, त्याला बॅटरी होती, गेम फुकट होता. लाइट गेली तरी खेळ चालू. त्याची बातमी मित्राकडून मित्राकडे पोचली. हेडफोनमधून 'आठे ये ना भो, मांगे शे तो' असं ऐकू यायला लागलं. एखाद्या जागतिक गेमच्या आत अहिराणी बोलली जात होती आणि त्यासाठी कुठल्याही कंपनीने काहीही केलेलं नव्हतं. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने डेटा सुरक्षेच्या कारणावरून पबजीवर बंदी घातली, पुढे तो बीजीएमआय या नावाने परत आला.

एव्हाना या मोकळ्या पडलेल्या प्रेक्षकाला कुणीतरी हेरलं होतं. २०२० साली आयपीएलचं शीर्षक प्रायोजकत्व ड्रीम इलेव्हनने २२२ कोटी रुपयांना घेतलं. फँटसी क्रिकेट, रमी, पोकर यांच्या जाहिरातींनी सामने भरून गेले. हिंदीत, मराठीत. एक मोठा क्रिकेटपटू किंवा नट, आणि त्याच्यासोबत अगदी आपल्यातला वाटणारा माणूस.

कन्सोलच्या जाहिरातीत जो माणूस कधी दिसला नव्हता तो इथे दिसला: साधा शर्ट, लहान शहर, बेताची नोकरी. आपली भाषा आली, आपले चेहरे आले. पण तो माणूस खेळत का होता? जिंकण्यासाठी, म्हणजे पैशासाठी. जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२०पासून या जाहिरातींना बंधनं घातली. यात आर्थिक जोखीम आहे आणि याची सवय लागू शकते असा इशारा द्यायचा. हे कमाईचं साधन किंवा नोकरीला पर्याय आहे असं सुचवायचं नाही. जे करू नका म्हणून नियम करावा लागतो, ते आधी चाललेलं असतं.

खोक्यावरचा कीबोर्ड आणि या जाहिराती यांत मला एक सरळ रेषा दिसते. लहानपणी आम्हाला खेळ विकला गेला तो अभ्यासाच्या नावाने. मोठेपणी विकला गेला तो कमाईच्या नावाने. मधला टप्पा, जिथे सेगा आणि सोनीने दुसऱ्या मुलांना 'आवडतं ना, मग खेळ' असं सांगितलं, तो आमच्या वाट्याला जाहिरातीतून आलाच नाही. कीबोर्डचं सोंग निरुपद्रवी होतं. फार तर टायपिंग शिकायचं राहिलं. कमाईच्या सोंगात पगार गेले, कर्जं झाली. नोकरी शोधणाऱ्या मुलाला 'खेळ' हा शब्द 'उत्पन्न' या अर्थाने ऐकवला, तर तो हरल्यावर थांबत नाही. खेळ हरला की माणूस उठतो. उत्पन्न बुडालं की ते भरून काढायला पुन्हा बसतो.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. पण ज्या सवयीवर या जाहिराती उभ्या होत्या, ती कायद्याने जात नाही. खेळण्यात घालवलेला वेळ वाया गेला असं मानण्याची ती सवय आहे. तिला पुढचं निमित्त घेऊन कुणीतरी येईलच.

आखाजी

ही सवय खान्देशाच्या रक्तातच आहे असं कुणी म्हणेल, तर त्याने आखाजी आठवावी. अक्षय्य तृतीयेला सालदाराचं साल संपतं, कामाला सुट्टी मिळते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात. पुरुष पत्ते कुटतात, त्यात पैसेही लागतात. झोका खेळणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की यातून तुला काय मिळणार. वर्षातले ते दिवस खेळायचे, एवढं पुरतं. खेळासाठी खेळणं आम्हाला बाहेरून शिकायचं नव्हतं. जाहिराती खान्देशात आल्या तेव्हा त्यांनी आखाजीतले पत्ते तेवढे उचलले. झोका कुणाला दिसला नाही, कारण त्यावर बायका होत्या आणि त्यात पैसा नव्हता.

म्हणून पुढची गेमची जाहिरात बघताना दोन गोष्टी तपासायला हरकत नाही. यात खेळतंय कोण? आणि त्याला खेळण्यासाठी काय कारण दिलंय? ही परीक्षा पास होणारी जाहिरात फार अवघड नाही. धुळ्यातल्या देवपूरमधलं एक घर, मे महिन्याची दुपार, कूलरचा आवाज. आई आणि मुलगी, दोघींच्या हातात रिमोट. मुलगी हरते आहे. कुणी काही शिकत नाहीये आणि कुणी काही कमवत नाहीये.